हरिगोलाची शिकवण

नौकाविहार हा शब्द उच्चारला की काश्मीरचे दल सरोवर डोळ्यांसमोर येते, केरळचे कालवे येतात, काशीचे घाट येतात. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांची आठवण त्या वेळी कोणालाही होत नाही. हा मुलूख काळ्या मातीचा आणि तांबड्या दगडाचा, तुरीचा आणि ज्वारीचा. मृगाचे ढग कधी दिसतात म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसणारा. अशा कोरड्या मुलखात होडीला इतिहास तो काय असणार, असे कोणाही श्रोत्याला वाटेल. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की, नाव कशी असावी, ती कोणी चालवावी आणि कोणत्या वेळी ती चालवूच नये, यासंबंधीचे फार जुने आणि फार शहाणे ज्ञान याच प्रदेशाने जतन केले होते. आज धरणांच्या पाण्यावर सहलीला जाणाऱ्यांनी आणि स्वतःची होडी बाळगू पाहणाऱ्यांनी त्या ज्ञानाचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम येथल्या नद्यांचा स्वभाव पाहू. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर-उस्मानाबादकडून, म्हणजे आजच्या धाराशिवकडून, बिदर जिल्ह्यात येते. पुढे तेलंगणात शिरून उत्तरेकडे वळते आणि गोदावरीला मिळते. भीमाशंकराहून निघालेली भीमा पंढरपूर मागे टाकून अफझलपूर तालुक्यात कलबुर्गी जिल्ह्यात प्रवेश करते, गाणगापूरजवळ अमरजेला आणि पुढे कागिण्याला पोटात घेते, आणि सुमारे साडेआठशे किलोमीटरांचा प्रवास संपवून रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते. या दोन्ही नद्या हिमालयाच्या नव्हेत. त्यांना बर्फाचे पाणी नाही. वैशाखात त्यांच्या पात्रात ठिकठिकाणी नुसते डोह उरतात, आणि त्या डोहांच्या मधून गुरे कोरड्या पायांनी पलीकडे जातात. आषाढ-श्रावणात मात्र तेच पात्र दोन्ही थड्या भरून वाहते, आणि कालपर्यंत दिसणारे खडक गढूळ पाण्याखाली दडून बसतात.

अशा नदीवर लांब कण्याची, खोल बुडाची होडी काय कामाची? उन्हाळ्यात ती रेतीत रुतून बसेल, पावसाळ्यात पहिल्याच खडकावर फुटेल. म्हणून दख्खनच्या लोकांनी निराळीच नाव निर्माण केली. बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपली विणावयाची आणि तिला बाहेरून बैलाचे किंवा म्हशीचे कातडे मढवावयाचे, की झाली नाव! कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. आपण हरिगोल म्हणू. हिला पुढचे टोक नाही, मागचे टोक नाही, सुकाणू नाही, शीड नाही. नावाडी एका वल्ह्याने पाणी आपल्याकडे ओढतो आणि नाव गिरक्या घेत घेत पुढे सरकते. पाहणाऱ्याला हसू येईल असे हे वाहन. पण त्याचा एकेक गुण पाहावा. ते वीत-दोन वीत पाण्यात तरंगते. खडकावर आदळले तर फुटत नाही, कारण कामटी वाकते आणि पुन्हा सरळ होते. कातडे फाटले तर ठिगळ लावता येते. नदी आटली की नावाडी ते डोक्यावर पालथे घालून घरी नेतो. नदी जशी, तशी नाव. हा हरिगोलाचा पहिला धडा होय.

ही कल्पना केवळ आपलीच होती असे नव्हे. युफ्रेटिस नदीवरून कातड्याने मढवलेल्या, ढालीसारख्या गोल नावा माल घेऊन बाबिलोनला येत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. प्रवाहाविरुद्ध त्या परत जाऊ शकत नसत. म्हणून प्रत्येक नावेत एक गाढव असे. माल विकला की नावेचा सांगाडाही विकावयाचा, आणि कातडी गाढवावर लादून पायी घरी परतावयाचे! आपल्या नावाड्यांवर ही पाळी आली नाही, कारण त्यांना नदीच्या लांबीने प्रवास करावयाचाच नव्हता. त्यांना ती फक्त ओलांडावयाची होती. दख्खनमधील नौकानयन म्हणजे मुख्यत्वेकरून नदी उतरून जाणे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास उलगडतो.

त्या इतिहासातील एक प्रसिद्ध प्रसंग गुलबर्ग्याच्या तख्ताशी निगडित आहे. आजचे कलबुर्गी ते हेच गुलबर्गा. इसवी सन १३९८ च्या सुमारास बहामनी सुलतान फिरोजशहा कृष्णेच्या उत्तर तीरावर येऊन थबकला. पलीकडे विजयनगरची विशाल छावणी, आणि मध्ये नदी. शत्रूच्या डोळ्यांदेखत ती ओलांडणे म्हणजे आत्मघात. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, काझी सिराज नावाच्या दरबाऱ्याने वेषांतर करून काही साथीदारांसह पैलतीर गाठला, तमासगिरांच्या मेळात प्रवेश मिळवला, आणि नाचगाण्याच्या भरात राजपुत्राचा वध केला. छावणीत एकच गोंधळ उडाला. इकडे सुलतानाने कातड्याने मढवलेल्या टोपल्या शेकड्यांनी तयार करवून ठेवल्या होत्या. त्यांत बसून त्याचे सैनिक पलीकडे उतरले आणि लढाईचा निकाल फिरला. फेरिश्ताने हे घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे नाट्याचा काही भाग सोडून द्यावा. तथापि, बुरुडाने विणावी आणि चांभाराने शिवावी अशी ही साधी वस्तू राज्यांच्या भवितव्यात भाग घेत होती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याच फिरोजशहाने १४०० च्या सुमारास गुलबर्ग्याच्या दक्षिणेस भीमेच्या काठी फिरोजाबाद ही नवी नगरी वसवली. तिला तीन बाजूंनी तट बांधला; चौथ्या, पश्चिमेकडच्या बाजूस भीमा होती. नदी हाच तट! जी नदी ओलांडणे कठीण, ती आपल्या अंगणात असावी, हा विचार त्यात स्पष्ट आहे. त्या नगरीचे भग्न अवशेष आजही भीमेच्या काठी उभे आहेत.

पुढे सव्वाशे वर्षांनी, १५२० च्या सुमारास, दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी विजयनगरात आला. आनेगुंदीजवळ तुंगभद्रा ओलांडताना त्याने या नावा पाहिल्या आणि त्यांचे नेमके वर्णन केले. आत वेताचे विणकाम, बाहेर कातडे. एका नावेत पंधरा-वीस माणसे मावतात. गरज पडल्यास घोडे आणि बैलही नेतात. आणि सरळ न जाता ती सारखी गिरक्या घेते. या राज्यातील नद्यांवर दुसऱ्या प्रकारची नावच नाही, असेही तो नमूद करतो. सतराव्या शतकात हिऱ्यांचा व्यापारी ताव्हेर्निए याने गोवळकोंड्याच्या मुलखात अशाच नावांतून नदी ओलांडली. माल भिजू नये म्हणून तळाशी काटक्यांच्या मोळ्या टाकून वर सतरंज्या अंथरीत, आणि गाडी न्यावयाची असली तर ती दोन टोपल्यांच्या मध्ये बांधीत, असे तो सांगतो. १८०३ साली आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून पुण्याकडे निघाला, तेव्हा वाटेतल्या नद्यांसाठी त्यानेही टोपलीच्या नावा बांधवून घेतल्या. ज्या सेनापतीच्या दिमतीला साऱ्या इंग्रजी आरमाराची विद्या होती, त्याला कृष्णेवर मात्र या गोल टोपलीलाच शरण जावे लागले.

पण नावेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे नदीची माहिती. १५६५ साली दख्खनचे सुलतान विजयनगरवर चालून गेले, त्यांत बिदरचा अली बरीदही होता. कृष्णेचा सोयीचा उतार शत्रूने अडवून धरलेला. तेव्हा सुलतानांच्या फौजा दुसरा उतार शोधीत असल्याचा बहाणा करून नदीकाठाने चालत राहिल्या. विजयनगरची फौज त्यांच्या समांतर सरकली, पहिला उतार मोकळा पडला, आणि सुलतान झपाट्याने मागे फिरून त्याच जागी नदी उतरले. पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एक उतार राखता आला नाही, आणि एका साम्राज्याचे दिवस भरले.

उतार कोठे आहे, डोह कोठे आहे, भोवरा कोणत्या महिन्यात कोणत्या खडकापाशी पडतो, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नव्हते. ते नावाड्याच्या डोक्यात होते. कानडीत त्याला अंबिग म्हणतात; मराठी मुलखात हे काम कोळी आणि भोई करीत. नदीकाठच्या गावांतून पैशाऐवजी खळ्यावरचे धान्य त्याला मिळे. त्याचे स्थान समाजाच्या उतरंडीत खालचे होते. पण नावेत पाय ठेवला की पाटील आणि देशमुखही त्याच्या आज्ञेत असत. बाराव्या शतकात आजच्या बिदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत, म्हणजे बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वरांच्या शरणांचा जो मेळा जमला, त्यात अंबिगर चौडय्या हा नावाडी होता. आपल्या रोखठोक वचनांनी तो कन्नड साहित्यात अमर झाला आहे, आणि आपल्या नावामागचा अंबिग हा व्यवसायाचा शब्द त्याने कधी लपविला नाही. ज्याच्या हाती साऱ्या गावाचे प्राण असतात त्याला कोणाची भीड बाळगण्याचे कारण नसते, हे त्याच्या वाणीवरून कळते.

मराठी माणसाला या नद्यांची ओढ आहे ती गाणगापूरमुळे. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वतींचे वास्तव्य झाले, आणि सरस्वती गंगाधरांचा गुरुचरित्र हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. त्या ग्रंथाच्या शेवटी गुरू श्रीशैलाजवळ फुलांच्या आसनावर बसून कृष्णेच्या प्रवाहातून पैलतीरी निघून जातात. भाविकाला त्यात दिव्यत्व दिसते. इतिहासाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट दिसेल: पैलतीर हा शब्द ज्या समाजाच्या अंतःकरणात इतका खोल रुजला, त्या समाजाने नदीच्या काठी नावेची वाट पाहत किती दिवस काढले असतील!

ती वाट पाहणे हीच या इतिहासातील कळीची गोष्ट आहे. पूर आला की नावाडी हरिगोल पालथा घालून स्वस्थ बसे. वऱ्हाड खोळंबो, बाजार चुको, सरकारी जासूद रागावो. तो उठत नसे. पाण्याचा रंग, वाहून येणाऱ्या काड्या-पाचोळ्याचा वेग आणि थडीच्या खुणेवर चढलेले पाणी पाहून तो निर्णय घेई. निघाला तरी समोरच्या घाटाकडे सरळ जात नसे. आधी काठाकाठाने नाव बरीच वर ओढून नेई, आणि मग प्रवाहाच्या कलाने तिरकी सोडून नेमकी घाटावर लावी. प्रवाहाशी झगडू नये, त्यालाच कामाला लावावे. आणि जेव्हा तो कामाला लागण्याच्या मनःस्थितीत नसेल तेव्हा काठावर बसावे. नावाड्याचा नकार हेच प्रवाशांचे खरे संरक्षण होते.

एकोणिसाव्या शतकात काळ पालटला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर आणि गुलबर्गा ओलांडून १८७१ साली रायचूरला मद्रासकडच्या मार्गास मिळाला. मागाहून सडका झाल्या, पूल झाले, बंधारे झाले. पूल झाला ही आनंदाचीच गोष्ट. नदीकाठच्या बाळंतिणीला आणि आजाऱ्याला त्याचे मोल विचारावे. परंतु पुलाबरोबर हरिगोल मोडीत निघाला, आणि त्याच्याबरोबर नावाड्याची नजरही हळूहळू लोपली. कातड्याच्या जागी डांबर फासलेले कापड आणि प्लास्टिक आले. ऊसपट्ट्यात तर गुळाची काहीलच पाण्यात लोटून लोक पलीकडे जाऊ लागले. तुंगभद्रेवर हंपीजवळ आणि कावेरीवर होगेनक्कल येथे हरिगोल आजही दिसतो तो मुख्यतः पर्यटकांसाठी.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. नावा गेल्या आणि पाणी आले! भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. खाली अफझलपूर तालुक्यात सोन्नाचा बंधारा झाला, आळंद तालुक्यात अमरजेवर आणि भालकी तालुक्यात कारंजा नदीवर धरणे उभी राहिली. जेथे वैशाखात गुरे चालत तेथे बारमाही जलाशय पसरले. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत तर भीमा आणि मांजरा या दोघींचीही नावे आहेत. पाण्यावर पुन्हा होड्या आल्या, सहली आल्या, यंत्रे आली. आली नाही ती जुनी नजर.

याची किंमत भीमेनेच दाखवून दिली. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनीच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान, प्रवाशांना घेऊन जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. एकजण पोहून काठाला लागला, म्हणून बातमी कळली. दोन्ही तीर समोर दिसत होते. पूर नव्हता, प्रवाह नव्हता. होता तो वैशाखाचा सायंकाळचा वारा.

तेव्हा, श्रोतेहो, जलाशयावर सहलीला निघताना किंवा होडी विकत घेताना हरिगोलाच्या इतिहासातून काय घ्यावयाचे ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, आधी पाणी पाहावे आणि मग नाव. उथळ, दगडाळ पाण्यावर खोल बुडाची होडी घेऊ नये. विस्तीर्ण, वाऱ्याच्या जलाशयावर हलकी टोपली नेऊ नये. धरणाच्या पाण्याखाली बुडालेली गावे असतात, भिंती असतात, झाडांचे सोट असतात. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, हे अनेकांनी पाहिले आहे. जे उन्हाळ्यात वर येते ते पावसाळ्यात होडीच्या तळाशी असते. म्हणून पाणी उतरलेले असताना एकदा काठ पायी फिरून पाहावा आणि मनात नकाशा करावा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. चैत्र-वैशाखात दुपार कलली की वळवाचे ढग जमतात, आणि शांत पाणी घटकाभरात खवळते. जलाशय जितका लांब तितकी लाट उंच. या महिन्यांत सहल सकाळीच उरकावी. क्षितिजावर काळे दिसले की जवळचा काठ धरावा. मग तो आपल्या गावाचा असो वा नसो.

तिसरी गोष्ट धरणाची. पूर्वी पूर आभाळातून येई, आता तो दरवाजांतूनही येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि धरणांतून सोडलेले पाणी यांमुळे कलबुर्गी जिल्ह्यातील भीमाकाठची कित्येक गावे खाली करावी लागली. आपल्या डोक्यावर ऊन असताना नदी वाढू शकते. बंधाऱ्याच्या खाली किंवा सांडव्याजवळ होडी नेण्याचा मोह सर्वस्वी टाळावा, आणि पाणी सोडण्याची सूचना काय आहे ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट भाराची. हरिगोलात बसणाऱ्यांना नावाडी खाली, मध्यभागी बसवी. उभे राहू देत नसे. तोच नियम आजही आहे. होडीची कड पाण्यापासून वीतभरही वर उरत नसेल तर एकाने उतरावे, आणि तो एक आपण असावे. तरंगते जाकीट अंगात घालून बांधावयाचे असते. ते बुडाखाली घेऊन बसण्याची चटई नव्हे. पोहणाराच बुडतो ही आपली म्हण खोटी नाही, म्हणून पोहता येणाऱ्यानेही ते घालावे. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. पालथी होडीही बहुधा तरंगते आणि शोधणाऱ्याला लांबून दिसते.

पाचवी गोष्ट मालकीची. होडी विकत घेणे सोपे, सांभाळणे कठीण. हरिगोलाचे कातडे दर फेरीनंतर वाळवावे लागे, त्याला तेल द्यावे लागे, आणि तो सावलीत पालथा ठेवावा लागे. आळस केला की कातडे कुजे. लाकडी, लोखंडी किंवा यंत्राच्या होडीला हाच न्याय लागू आहे. ती उन्हाळ्यात कोठे ठेवणार, पाणी अर्धा कोस मागे हटल्यावर ती ओढून कोण नेणार, याचे उत्तर घेण्यापूर्वी शोधावे. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी, नोंदणी आणि विमा २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने आवश्यक केला आहे. तो कागदाचा जाच समजू नये. नावाड्याच्या नजरेची जागा थोडीफार भरून काढण्याचा तो प्रयत्न आहे.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. ज्या होडीत बसणार तिच्या चालकाला नाही म्हणण्याचा अधिकार द्यावा. पैसे भरले आहेत, मुले हट्ट धरून बसली आहेत, परतीची गाडी चुकते आहे, असली कारणे त्याच्यापुढे मांडू नयेत. स्वतःच होडीचे मालक असाल तर हा नकार स्वतःला देण्याची सवय लावून घ्यावी. ती फार अवघड आहे, कारण मालकाला अडवणारा दुसरा कोणी नसतो.

भीमा आणि मांजरा यांच्या काठी सुलतानांची नगरे उठली आणि ओस पडली. ज्यांनी त्या राजांना पैलतीरी नेले त्या नावाड्यांची नावे, एका चौडय्याचा अपवाद सोडल्यास, कोणत्याही तवारिखेत नाहीत. त्यांनी मागे इमारती ठेवल्या नाहीत. पाण्याकडे पाहून आज नको असे म्हणण्याचे धैर्य मात्र ठेवले आहे, आणि धरणांच्या काठी राहणाऱ्या आपल्या पिढीला त्याची निकड त्यांच्याइतकीच आहे.